पक्कड, सांडशी आणि जंबूर : तारबांधणीच्या एका हत्याराची नावे

नवी मुंबईच्या उभारणीसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यातील आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. या पंचावन्न वर्षांत पनवेलच्या आसमंतात जे काँक्रीट उभे राहिले, त्याच्या पोटात मऊ तारेच्या गाठींनी बांधलेली सळयांची जाळी आहे. ही गाठ इमारतीचा भार मुळीच पेलत नाही. ओले काँक्रीट ओतताना सळई जागची हलू नये, एवढेच तिचे कार्य. परंतु ती सैल पडली तर सळई साच्याच्या फळीकडे सरकते, तिच्यावरील काँक्रीटचे आवरण पातळ होते, आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत गंजाला वाट मिळते.

ही गाठ बांधण्याच्या जड पक्कडीचे जबडे आखूड व गोलसर, धार अगदी टोकाला आडवी आणि दांडे लांब असतात. खिळीपासून हात वीस सेंटिमीटरवर व धार दोन सेंटिमीटरवर असेल, तर हाताचा दाब तारेवर दसपट होऊन पडतो. कारागीर भेंडोळ्यातून तार ओढून सळयांच्या फुलीभोवती घेतो, दोन्ही पदर जबड्यात हलकेच धरतो, ताणून पीळ देतो आणि शेवटी मूठ आवळून तार तोडतो. सारे कौशल्य पहिल्या दाबात आहे. जोर अधिक झाला तर पीळ बसण्यापूर्वीच तार तुटते. कमी झाला तर निसटते. आपल्याकडे बहुधा आकड्यानेच काम भागवितात. आकडा स्वस्त खरा, पण तो तोडू शकत नाही. तारेचे तुकडे आधीच करून ठेवावे लागतात.

धरणे, पिळणे आणि तोडणे अशा या तीन क्रियांपैकी नाव कोणत्या क्रियेवरून पडावे? मराठीत साधनवाचक नामे बहुधा ‘-णी’ वा ‘-णे’ प्रत्ययाने होतात : चाळणी, किसणी, लाटणे, उलथणे. ‘पक्कड’ या शब्दास असा प्रत्यय नाही. ‘पकड’ ही क्रिया आणि ‘पक्कड’ ही वस्तू, हा भेद केवळ एका द्वित्ताने साधला आहे. नावात धरणे तेवढे आले. म्हणूनच चुलीवरचे पातेले उतरविणारे साधनही अनेक घरांत पक्कडच असते!

दुसरी नावे चावण्याची आहेत. ‘सांडशी’ ही संस्कृत ‘संदंशिके’ची वंशज, तिच्यात ‘दंश्’ धातू उघड दिसतो. जर्मन भाषेतील ‘त्सांगे’ हा शब्दही त्याच मूळ धातूचा मानतात. फारसीत ‘जंबूर’ म्हणजे गांधीलमाशी. तिच्या दंशावरून सुताराच्या खिळे उपटण्याच्या हत्यारास, तसेच उंटावरील लहान तोफेस ते नाव मिळाले; १७६१ साली पानिपतावर अब्दालीने वापरलेल्या त्या ह्याच तोफा.

पिळण्याची क्रिया मात्र आपल्या एकाही नावात नाही. जर्मन लोक या हत्यारास ‘फ्लेष्टरत्सांगे’, म्हणजे विणणाऱ्याची सांडशी, म्हणतात. तेथे ते ‘मोनिए’ आणि ‘राबित्स’ यांच्या नावांनीही ओळखले जाते. पहिला फ्रान्सचा माळी. लोखंडी जाळीच्या कुंड्यांचे पेटंट त्याने १८६७ साली घेतले. दुसरा बर्लिनचा गवंडी. तारेच्या जाळीवर गिलावा करून भिंत उभारण्याची त्याची रीत १८७८ ची.

परिभाषाकारास ‘तारबंधन-संदंश’ असा शब्द घडविणे मुळीच अवघड नाही. पण परांचीवर उभ्या असलेल्या माणसाला हे हत्यार खालून ओरडून मागावयाचे असते. त्यातून पनवेलकडील कामांवर मराठी मुकादम आणि हिंदी बोलणारा कारागीर ही जोडी नित्याची. ‘जंबूर’ हा शब्द या दोन्ही भाषांत आहे, त्याचा आकारही जुळतो. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत तोच मुख्य शब्द ठेवावा आणि अर्थ स्पष्ट करण्यासाठी एकदाच ‘तारबांधणीची पक्कड’ असे लिहावे. नुसते ‘पक्कड’ लिहिल्यास मात्र नवशिका वीजकाम करणाऱ्याची चपट्या तोंडाची पक्कड घेऊन येईल, आणि तिने ही गाठ नीट बसत नाही.