बिनकण्याचे प्राणी आणि फवाऱ्याचा पंप

ज्याला कणा नाही तो दुबळा, असे आपण बोलण्यात सहज म्हणून जातो. प्राणिसृष्टीत हे खरे नाही. माणसाने आजवर नोंदविलेल्या प्राण्यांच्या जातींपैकी शंभरात पंचाण्णवांहून अधिक जातींना पाठीचा कणाच नाही. शास्त्रज्ञ त्यांना अपृष्ठवंशी प्राणी म्हणतात. २०२२ च्या जुलै महिन्यात बीड, लातूर आणि आजचा धाराशिव या जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली व अनेकांवर दुबार पेरणीची पाळी आली, तेव्हा या बिनकण्याच्या सृष्टीचे बळ आपण सर्वांनीच पाहिले.

आम्ही कामगार चळवळीतील माणसे. प्राणिशास्त्र शिकलो ते उसनी पुस्तके वाचून. पण यंत्र बिघडले म्हणजे कारागीर प्रथम त्याची रचना पाहतो आणि मगच हत्यार उचलतो, हे आम्हांस ठाऊक आहे. तोच न्याय येथे लावू या.

गोगलगाय ही मृदुकाय वर्गातील. तिच्या अंगात हाड नाही; पाठीवर चुनखडीचा शंख आहे आणि पोटाखालचा स्नायू हाच तिचा पाय. तो पाय चिकट द्रव सोडतो व त्यावरून ती सरकते. तोंडात कानशीसारखी जीभ असते, तिच्यावर बारीक दातांच्या रांगा. तिने ती पाने खरवडून खाते. एकाच देहात नर व मादी अशी दोन्ही इंद्रिये असतात. १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यास आणलेली मोठी आफ्रिकी शंखी गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालू शकते. उन्हाळ्यात ती शंखात शिरून तोंडावर पडदा धरते व पाऊस पडताच बाहेर येते.

आता कपाशीवरील गुलाबी बोंडअळी पाहा. ही कीटकाची बाल्यावस्था. हिला शंख नाही, पण अंगावर कायटिन नावाच्या द्रव्याची कात असते. ती कात वाढत नाही, म्हणून अळी ती टाकून मोठी होते. फुप्फुसे नाहीत, कुशीवरील छिद्रांतून हवा आत जाते. अंड्यातून निघताच ती बोंडात शिरते आणि वरून मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

तिसरे गांडूळ. त्याचे शरीर वलयांचे, आणि श्वास ओल्या कातडीतून. जमिनीत मुरलेले विषही त्याच कातडीला भिडते.

म्हणजे तिघांनाही कणा नाही, पण तिघांची घडण तीन तऱ्हांची. तरीही पुष्कळदा तिघांवर एकच पंप चालतो. शंख व चिकट द्रव यांमुळे गोगलगाईवर बहुतेक कीटकनाशके नीट चालत नाहीत. तिला आवडतो ओलावा. म्हणून गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवावीत, सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकाव्यात आणि बांधालगत चुन्याचा पट्टा ओढावा. वेचताना हातमोजे हवेतच, कारण काही गोगलगाईंच्या अंगात माणसास अपाय करणारे जंत असतात. हे वेचण्याचे काम बहुधा मजूर स्त्रियांच्याच वाट्याला येते. तेव्हा हातमोजे देणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीटकाचा व माणसाचा सांगाडा वेगळा, पण मज्जातंतूंचा संदेश पोहोचविणारे एक रसायन दोघांत सारखेच आहे. काम झाल्यावर ते रसायन विझवणारे विकर शरीरात असते. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके त्या विकरालाच बांधून टाकतात. मग स्नायू आखडतात, लाळ गळते, श्वास कोंडतो. अळीचे जे होते तेच फवारणाऱ्याचेही होऊ शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये.

म्हणून औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा प्राणी कोणत्या घडणीचा? हे विष त्याच्यापर्यंत पोहोचेल काय? आणि पंप पाठीवर घेणाऱ्याच्या तोंडावर मुखपट्टी व हातांत मोजे आहेत काय? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर पंप खाली ठेवावा. तसे म्हणण्याचा मजुराला पुरता अधिकार आहे.