भिंती सरकवणारं घर

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात विटांच्या घरांची एक लांब रांग जिथे संपते, तिथे शेवटच्या घराला टेकून एक छोटं दुमजली घर उभं आहे. पांढऱ्या-करड्या फळ्या एकमेकींवर सरकवून ठेवाव्यात तसं ते दिसतं. मधूनच लाल, निळ्या, पिवळ्या रंगाची एखादी पट्टी. हे घर १९२४ चं आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही.

ट्रूस श्रोडर यांचे पती १९२३ मध्ये वारले. तीन लहान मुलं पदरात. मुलांना वेगळ्या खोलीत कोंडून वाढवायचं नाही, मोठ्यांच्या गप्पा त्यांच्याही कानावर पडाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. घर बांधायला त्यांनी बोलावलं खेरिट रीटफेल्ट यांना. हे गृहस्थ सुताराचे चिरंजीव. लहानपणीच वडिलांच्या कारखान्यात रंधा धरलेले, खुर्च्या करून नाव मिळवलेले. अख्खं घर त्यांनी पहिल्यांदाच बांधलं आणि माझ्या मते ते कपाट करावं तसंच केलं.

खरी गंमत वरच्या मजल्यावर. दिवसा तिथे जिन्याभोवती एकच मोठी मोकळी जागा. रात्र झाली की रुळांवरच्या फळ्या ओढायच्या आणि झोपायच्या वेगवेगळ्या खोल्या तयार. प्रत्येक खोलीत खाट निदान दोन ठिकाणी लावता आली पाहिजे, नळ हवा आणि बाहेर उघडणारं दार हवं, अशी बाईंची अट होती. चाळीतल्या एका खोलीत दिवसा वळकट्या रचून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात फारसं नवल वाटणार नाही. मात्र इथे वळकटीच्या जागी भिंतच बाजूला होते. अर्थात, पातळ फळीपलीकडचं खोकणंही ऐकू येणारच.

बांधकामाच्या नियमांत असली जागा बसत नव्हती. मग कागदोपत्री वरच्या मजल्याला चक्क 'पोटमाळा' म्हटलं आणि परवानगी मिळवली. खालचा मजला मात्र मुकाट्याने रीतसर खोल्यांचा ठेवला.

जेवणाच्या टेबलाजवळची खिडकी तर डोळ्यांना चकवते. भिंतीच्या कोपऱ्यावर दोन तावदानं येऊन मिळतात, पण मध्ये खांब नाही. दोन्ही उघडली की कोपराच नाहीसा होतो, आणि बसलेला माणूस निम्मा बाहेर आल्यासारखा. खालच्या स्वयंपाकघरातून जेवण वर यायला छोटी लिफ्ट आहे, आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्याशी बोलायला दाराशी नळी.

एके काळी त्या खिडकीतून मोकळी शेतं दिसत. १९६० च्या दशकात समोरून उंचावरचा मोठा रस्ता गेला. देखावाच गेला, आता घर पाडलं तरी चालेल, असं खुद्द रीटफेल्टनाच वाटू लागलं. बाईंनी ते ऐकलं नाही. १९८५ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी वारल्या, तोवर त्या तिथेच राहिल्या. २००० साली युनेस्कोने हे घर जागतिक वारसा यादीत घेतलं. आता ते संग्रहालय आहे, आणि तिथली माणसं पाहुण्यांना एकेक फळी ओढून खोल्या करून दाखवतात.