अपघातानंतर दुसरी गाडी घेताना

अपघात झाला. गाडी चेपली. माणसे वाचली, हे फार बरे झाले. पण आता गाडीवाचून अडते. म्हातारीला दवाखान्यात न्यायचे असते. पोरांना तालुक्याला पोचवायचे असते. मग माणूस घाई करतो. कोणीतरी म्हणतो, "माझ्या ओळखीची एक गाडी आहे. स्वस्तात मिळेल." आपण पैसे मोजतो. गाडी दारात येते. चार महिन्यांनी कळते, की तीही कुठेतरी आपटलेलीच होती.

हा झाला दुसरा अपघात. पहिला रस्त्यावर झाला, दुसरा खरेदीत झाला. दुसरा टाळणे आपल्या हाती आहे. कसे ते पाहू.

आधी जुन्या गाडीचा हिशेब

विम्याचा कागद बाहेर काढा. तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. एक विमा फक्त दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. त्याला थर्ड पार्टी विमा म्हणतात. तो कायद्याने घ्यावाच लागतो. पण त्यातून आपल्या मोडलेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. ते मिळतात संपूर्ण विम्यातून.

संपूर्ण विम्याच्या कागदावर गाडीची किंमत लिहिलेली असते. तिला आय.डी.व्ही. म्हणतात. गाडी जुनी होते तशी ही किंमत उतरते. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, तर गाडी पुरती गेली असे धरतात. समजा, किंमत ४ लाख रुपये आहे. ४ लाखांचे ७५ टक्के म्हणजे ३ लाख. दुरुस्तीला ३ लाख २० हजार लागणार असतील, तर गाडी पुरती गेली. मग थोडी ठरलेली रक्कम कापून कंपनी ४ लाख देते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर आधी बँकेचे पैसे फिटतात. उरतील ते आपले. तेवढेच हाताशी धरून पुढचा विचार करा.

पुरती गेलेली गाडी भंगारात गेली, तर १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवा. आरसी बुक तिथे जमा करा. का बरे? चोरलेल्या गाडीला भंगार गाडीचा नंबर लावणारे लोक असतात. आपल्या नावाचा कागद त्यांच्या हाती पडू नये.

गाडी कशी पारखावी?

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो. खूर पाहतो. चालवून बघतो. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर भुलत नाही. गाडीचेही तसेच आहे.

गाडी दिवसाउजेडी बघा. रात्री रंग फसवतो. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी सारख्या आहेत का? एकीकडे बोट जाते आणि दुसरीकडे नखही जात नाही, असे असेल तर तिथे काम झाले आहे. बॉनेटच्या बोल्टांवरचा रंग खरवडलेला दिसला, तर बॉनेट कधीतरी काढलेले आहे. का काढले, ते विचारा. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. जिथे तो नीट चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते.

पायाखालची चटई उचला. खाली गंज, वाळलेला चिखल किंवा कुबट वास असेल, तर गाडी पुरात बुडालेली असेल. अशी गाडी कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तिची वायरिंग केव्हा दगा देईल, सांगता येत नाही.

मग किल्ली फिरवा. एअरबॅगचा दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. तो विझलाच नाही किंवा लागलाच नाही, तर काहीतरी बिघाड आहे. अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा न बसवताच गाडी विकतात, असेही घडते. सगळे सीटबेल्ट पुरते ओढून बघा. ते फाटलेले किंवा अडकणारे नकोत.

शेवटी मोकळ्या, सरळ रस्त्यावर गाडी चालवा. ती एका बाजूला ओढते का? ब्रेक दाबल्यावर वाकडी जाते का? मग आपल्या विश्वासाच्या मेस्त्रीला गाडी खालून दाखवा. सांगाड्याला जोड दिलेला असेल, तर त्याच्या नजरेत येईल. त्याला मजुरी द्यावी लागेल. ती द्या. त्यात लाखाचे नुकसान वाचते.

आणखी एक गोष्ट. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशात नव्या मोटारीत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीची गाडी असेल, तर एअरबॅग आहे की नाही, हे मुद्दाम विचारा. टेपरेकॉर्डर आणि सीटची कव्हरे मागून घालता येतात. जीव मागून घालता येत नाही.

कागद बघा

सातबाऱ्यावर बोजा असतो, तसा आरसीवरही बँकेचा बोजा असतो. तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला चासी नंबर एकेक अक्षर लावून ताडून बघा. आता आपल्याला वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडावर का अवलंबून राहायचे?

जमीन घेतली की फेरफार करतो. तशीच गाडी नावावर करून घ्या. विकणाऱ्याने आपल्याच राज्यात गाडी विकली, तर १४ दिवसांत कळवायचे असते. घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्या. त्यासाठी मुदत १४ दिवसांची आहे.

"नाव काय, सवडीने बदलू," असे कोणी म्हणेल. ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक. गाडी कोणाला का विकलेली असेना, अपघाताची भरपाई त्याच्याकडून मागता येते. म्हणून आपण जुनी गाडी विकली, तरी नाव बदलले की नाही याची खात्री करा. नाहीतर गाडी चालवील तिसराच, आणि शेत विकावे लागेल आपल्याला.

ध्यानात ठेवा

घाई करू नका. आठ दिवस एस.टी.ने जा.
गाडी दिवसा पाहा आणि मेस्त्रीला दाखवा.
आरसीवरचा बोजा आणि चासी नंबर स्वतः वाचा.
नाव आणि विमा मुदतीत बदला.
आणि नवी गाडी दारात आली, की पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी सीटबेल्ट लावा. मागे बसणाऱ्यांनीसुद्धा.