विद्यापीठजन्य कंपन्यांची निर्मिती

विद्यापीठजन्य कंपनी (स्पिन-ऑफ) म्हणजे विद्यापीठात किंवा संशोधनसंस्थेत झालेल्या संशोधनाच्या आधारे, बहुधा संबंधित संशोधकांच्याच सहभागाने, स्थापन झालेली स्वतंत्र व्यापारी कंपनी होय. पदवीनंतर माजी विद्यार्थ्याने काढलेली प्रत्येक कंपनी या व्याख्येत बसत नाही. विद्यापीठात निर्माण झालेले ज्ञान किंवा पेटंट तिच्या मुळाशी असावे लागते. गूगल हे याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. 'पेजरँक' या पद्धतीचे पेटंट स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या नावावर होते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने त्याच्या वापराचा परवाना घेतला आणि मोबदल्यात विद्यापीठाला समभाग दिले. ते विकून विद्यापीठाला सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. एवढे यश अर्थातच अपवादात्मक आहे.

स्वामित्व आणि मोबदला

अशा कंपन्या कोठे जन्मतात आणि कोठे नाही, याच्या विवेचनात पहिला प्रश्न स्वामित्वाचा येतो. सार्वजनिक पैशातून लागलेला शोध कोणाचा: सरकारचा, विद्यापीठाचा की संशोधकाचा? अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्याने केंद्रीय अनुदानातून झालेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना स्वतःकडे ठेवता येऊ लागले. मात्र उत्पन्नातील वाटा संशोधकाला देणे बंधनकारक झाले. त्यानंतर विद्यापीठांमधून तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालयांचा प्रसार झाला. तथापि सारे श्रेय या कायद्याला देणे योग्य नाही. जैवतंत्रज्ञानातील जेनेन्टेक ही कंपनी त्याआधीच, १९७६ मध्ये, स्थापन झाली होती.

युरोपातील अनेक देशांत शोधाचा हक्क प्राध्यापकाकडेच राहत असे. स्वीडनमध्ये ही प्रथा टिकून आहे. जर्मनीने ती २००२ मध्ये रद्द केली. नॉर्वेतील अनुभव विशेष बोलका आहे. तेथे २००३ मध्ये कायदा बदलून प्राध्यापकाचा पूर्ण हक्क संपुष्टात आला आणि सुमारे दोन तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठांना प्रोत्साहन मिळून कंपन्या वाढतील, अशी अपेक्षा होती. परंतु ह्विडे आणि जोन्स यांच्या अभ्यासानुसार (२०१८) विद्यापीठीय संशोधकांच्या नव्या कंपन्या आणि पेटंटे ही दोन्ही जवळपास निम्म्यावर आली.

याच्या उलट भासणारा निष्कर्ष डी ग्रेगोरिओ आणि शेन यांनी २००३ मध्ये अमेरिकी विद्यापीठांविषयी मांडला. परवानाशुल्कातील (रॉयल्टीतील) संशोधकाचा वाटा जेथे कमी, तेथे कंपन्या अधिक निघतात, असे त्यांना आढळले. हा विरोध वरवरचा आहे. शोध प्रस्थापित कंपनीला देऊन घरबसल्या भरघोस रॉयल्टी मिळत असेल, तर स्वतः कंपनी काढण्याचा खटाटोप कोण करील? नॉर्वेत मात्र खटाटोपाच्या फळातच वाटेकरी आला. विद्यापीठाने शुल्काऐवजी समभाग स्वीकारले तर नवजात कंपनीवरील रोख पैशाचा भार हलका होतो, आणि असे धोरण उपकारक ठरते, असेही त्याच अभ्यासात दिसले.

संशोधनाचा दर्जा, भांडवल आणि संशोधक

त्याच अभ्यासात विद्यापीठाची वैज्ञानिक प्रतिष्ठा हा महत्त्वाचा घटक ठरला. परिसरातील साहसवित्ताच्या उपलब्धतेचा परिणाम मात्र दिसला नाही. यावरून भांडवल गौण ठरत नाही. चांगल्या शोधाकडे ते दुरूनही येते, एवढाच अर्थ घेता येईल.

शोधकर्त्याचा सहभागही अनिवार्यप्राय असतो, कारण प्रयोगशाळेतील पुष्कळसे कसब कागदावर उतरत नाही. जेनेन्टेकचे सहसंस्थापक हर्बर्ट बॉयर हे प्राध्यापक होते, तर रॉबर्ट स्वॉन्सन हे साहसवित्ताच्या क्षेत्रातून आलेले. शास्त्रज्ञ आणि व्यवहारज्ञ यांची अशी जोडी अनेक यशस्वी कंपन्यांत आढळते. प्राध्यापकाला रजा मिळते का, पदावर परतता येते का आणि पदोन्नतीत पेटंटाची दखल घेतली जाते का, हे प्रश्न दिसायला किरकोळ, पण निर्णायक असतात. प्रकाशनाचा पेचही मोठा आहे: युरोपात पेटंटाच्या अर्जापूर्वी शोध प्रसिद्ध केल्यास त्याचे नावीन्य सामान्यतः संपते, तर अमेरिकेत एक वर्षाची सवलत आहे. ज्ञान सर्वांना खुले करणे हेच ज्याचे व्रत, त्या अध्यापकाला ते काही काळ झाकून ठेवावे लागते. विद्यापीठजन्य कंपन्यांवरील गंभीर आक्षेप येथूनच सुरू होतो.

भारतातील स्थिती

बे-डोलच्या धर्तीवरील विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले. सार्वजनिक संशोधनाचे खासगीकरण होईल, अशी टीका त्यावर झाली आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यामुळे हक्कांचे नियम बव्हंशी संस्थेसंस्थेनुसार ठरतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी २००० मध्ये स्थापन केलेली स्ट्रँड जिनॉमिक्स हे आरंभीचे उदाहरण होय. मुंबईच्या आयआयटीत २००४ मध्ये 'साइन' हे उद्यमपोषण केंद्र सुरू झाले. ड्रोन बनविणारी आयडियाफोर्ज तेथेच वाढली, जरी काटेकोर अर्थाने ती माजी विद्यार्थ्यांची कंपनी आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर कार्यरत आहे. २०१९ च्या राष्ट्रीय धोरणाने अध्यापकांना कंपनी काढण्यास मुभा देण्याची शिफारस केली असून, संस्थेने सुविधांच्या मोबदल्यात २ ते ९.५ टक्के भागभांडवल घ्यावे असे सुचविले आहे. राज्य विद्यापीठांची बरीचशी शक्ती मात्र संलग्न महाविद्यालये आणि परीक्षा यांच्या व्यवस्थेत खर्ची पडते. तेथे कंपनीआधी प्रयोगशाळेचीच वानवा असते.