कुत्र्याचें यकृत आणि बुरसट मका

धुळें-जळगांवकडे राखणीच्या कुत्र्यास घरचीच भाकर मिळते. घरचा दाणा बुरसट, तर त्याच्याहि पोटांत विष. बुरशीचें हें अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेंहि पुरतें नाहींसें होत नाहीं. १९७४ सालीं पंचमहाल व बांसवाडा भागांतील आदिवासी गांवीं बुरसट मक्यामुळें माणसांस व कुत्र्यांस कावीळ, जलोदर होऊन अनेक दगावले.

मूलपेशींतून स्रवणाऱ्या एक्सोसोम नामक सूक्ष्म पुटिका म्हणजे पेशींचे निरोपेच होत. त्यांच्या योगें यकृताचा दाह शमावा असे प्रयोग चालू आहेत. परंतु कुत्र्यांसाठीं तो अद्याप रूढ उपचार नव्हे.

म्हणून मका उन्हांत कडकडीत वाळवून कोरड्या जागीं ठेवावा. हिरवट पडलेला दाणा कुत्र्यापुढेंहि टाकूं नये. त्याचे डोळे पिवळे दिसल्यास पशुवैद्य गांठावा, आणि आपली कणगीहि तपासावी.