कॉलेजात जाण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागतो, घरोघर पेढे जातात, आणि मग अर्ज, गुणवत्ता याद्या, शुल्काच्या पावत्या यांची धांदल सुरू होते. कोणत्या कॉलेजात प्रवेश मिळावा याची चर्चा घरातील प्रत्येक माणूस करतो. कॉलेजात गेल्यावर मुलाने काय करावयाचे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. ज्याने पदवी घेतली आहे अशा तरुणास विचारावे, की प्रवेशापूर्वीचा तो स्वतःच आज समोर येऊन उभा राहिला, तर त्याला तो काय सांगेल? बहुधा तो शाखेची वा कॉलेजची गोष्ट काढणार नाही. वेळेवर न कळल्यामुळे ज्यांची किंमत पहिल्या सहामाहीत मोजावी लागली, अशा चारपाच साध्या गोष्टीच तो सांगेल.

पहिली गोष्ट वेळेची. शाळेत घंटा होते, गृहपाठ तपासला जातो, आणि मुलगा दोन दिवस आला नाही तर वर्गशिक्षक चौकशी करतात. कॉलेजात यांतील बरेचसे नाहीसे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या पदवीला १६० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात. एका सत्राच्या वाट्याला सुमारे २० येतात. एका श्रेयांकासाठी व्याख्यानाचे १५ तास धरलेले असतात. परंतु २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याच्या अध्ययनाचे एकूण ३० तास गृहीत धरले आहेत. हिशेब सोपा आहे. सगळे विषय व्याख्यानाचे मानले, तर सत्राच्या ६०० तासांपैकी ३०० वर्गात जातात आणि ३०० विद्यार्थ्याच्या हाती उरतात. पंधरा आठवड्यांवर ते वाटले, तर आठवड्याचे वीस, म्हणजे दिवसाचे जवळजवळ तीन तास होतात. हे तीन तास वेळापत्रकात छापलेले नसतात आणि त्यांची हजेरीही कोणी घेत नाही. म्हणूनच सर्वांत आधी तेच हरवतात. ज्याने पहिल्याच आठवड्यात त्यांची जागा ठरविली, त्याची निम्मी तयारी झाली असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. बेळगाव, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी घरांतील मुलांना ती विशेष जाणवते. मराठी शाळेत शिकून विज्ञान शाखेकडे गेलेल्या मुलावर इंग्रजीचा प्रसंग पुष्कळदा अकरावीतच येऊन गेलेला असतो. कला किंवा वाणिज्य शाखेच्या मुलावर तो पदवीच्या पहिल्या वर्षी येतो. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद ज्याला चांगले समजतात, तोच मुलगा जर्नल, लेजर आणि बॅलन्स शीट हे शब्द लागोपाठ कानांवर आदळले, की आपल्याला यांतले काही येत नाही असे मानून बसतो. वस्तुतः त्याला विषय येत असतो. अडलेले असते ते केवळ नावापाशी. हा भेद ध्यानात न आल्यामुळे कित्येक हुशार मुले पहिल्या सत्रातच मागच्या बाकावर जाऊन बसतात आणि पुढे तेथून उठतच नाहीत.

यावरचा उपाय सुट्टीतच करण्यासारखा आहे. एक वही घ्यावी आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात मराठी संज्ञा आणि तिसऱ्यात स्वतःच्या शब्दांत एक उदाहरण लिहावे. डिप्रीसिएशन म्हणजे घसारा एवढे लिहून भागत नाही. काकांची रिक्षा तीन वर्षांनी विकावयास काढली तेव्हा तिची किंमत का उतरली, हे तिसऱ्या रकान्यात आले, की तो शब्द कायमचा आपला होतो. रोज पाच शब्द लिहिले, तर दोन महिन्यांत तीनशे होतात, आणि पहिल्या सत्राच्या एखाद्या विषयाला तेवढी शिदोरी पुष्कळ पुरते. वर्गात बसून मात्र मनातल्या मनात भाषांतर करू नये. ऐकलेले जसेच्या तसे टिपून घ्यावे आणि संध्याकाळी मराठीत उलगडावे.

ही अडचण आजचीच आहे असेही नाही. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले तेव्हा त्याचे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मराठवाड्यातील मराठी घरांतले विद्यार्थी तेथे उर्दूतून शिकले. १९४८ नंतर तेच विद्यापीठ इंग्रजीकडे वळले. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३१ साली, राज्यकारभारातील संज्ञांचा बहुभाषी कोश ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ या नावाने प्रसिद्ध झाला. अनेक भाषांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या समाजाला शब्द जुळवून घेण्याचे हे काम पूर्वीपासून करावे लागले आहे. परक्या शब्दापाशी अडखळणे यात कमीपणा काही नाही. तो शब्द दुसऱ्या दिवशीही परकाच राहू देणे, ही मात्र चूक होय.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या रीतीची. परीक्षा जवळ आली, की पुस्तक पुन्हा पुन्हा वाचावे, ओळींखाली रेघा ओढाव्यात, आणि सर्व ओळखीचे वाटू लागले की निश्चिंत व्हावे, अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या वहिवाटीचे फोलपण दाखवितो. एक उतारा काही विद्यार्थ्यांनी लागोपाठ चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एका वेळेसच वाचला आणि नंतर तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवले, आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. ओळखीचे वाटणे निराळे आणि आठवणे निराळे, हा त्याचा इत्यर्थ. मराठी घरांत दिवेलागणीला आजोबा मुलांकडून परवचा म्हणून घेत, त्यातही पुस्तक मिटून आठवण्याचाच अभ्यास होता. त्याला अर्थाची जोड दिली म्हणजे झाले. धडा वाचून पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर मुद्दे लिहावेत, काय सुटले ते पाहावे, आणि तीनचार दिवसांनी पुन्हा तसेच करावे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. ती रुक्ष वाटते, पण तिच्यापायी वर्षे वाया गेलेली आहेत. जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र आणि आधारपत्र यांवरील नाव एका अक्षरानेही वेगळे असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्यावे. उत्पन्नाचा, जातीचा आणि अधिवासाचा दाखला ऐन मुदतीच्या दिवशी मिळत नाही. राज्याच्या शिष्यवृत्त्या बहुधा अधिवासावर अवलंबून असतात, म्हणून परराज्यात शिकावयास जाणाऱ्याने आपला हक्क कोणत्या राज्यात लागतो हे अगोदर पाहावे. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या दरम्यानच्या विवादित सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत राखीव जागांची सोय आहे. तीसाठी त्या गावातील रहिवासाचा आणि मराठी मातृभाषा असल्याचा पुरावा लागतो. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी. शेजारच्या मुलाने गेल्या वर्षी काय केले, यावर विसंबू नये.

पाचवी गोष्ट विचारण्याची. कॉलेजातील प्राध्यापक आपण होऊन विद्यार्थ्यापाशी येतीलच असे नाही. परंतु तास संपल्यावर दाराशी थांबून “सर, हे उदाहरण येथपर्यंत समजले, पुढची पायरी कळली नाही,” असे म्हणणाऱ्याला बहुतेक शिक्षक आनंदाने सांगतात. “काहीच समजले नाही” असे म्हणू नये. कोठे अडले ते नेमके सांगावे. हाच नियम घरच्यांशी बोलतानाही पाळावा. वसतिगृहात राहणारा मुलगा पहिल्या सहामाहीत नापास होतो, पैसे पुरत नाहीत, खोलीतले मोठे विद्यार्थी त्रास देतात, आणि तो दर रविवारी फोनवर “आई, सर्व ठीक आहे” असेच सांगत राहतो. आईबापांना कळते तेव्हा वर्ष गेलेले असते. रॅगिंगला २००९ च्या नियमांनी सक्त बंदी असून तक्रार नोंदविण्याची सोय प्रत्येक संस्थेने ठेवावयाची असते. गुण कमी पडले तर फेरपरीक्षा असते. या सर्वांना उपाय आहेत. मात्र जे कोणाला सांगितलेच नाही, त्याचा उपाय कोण करणार? म्हणून निघण्यापूर्वी वडिलांनीही एक वाक्य मुलाजवळ स्पष्ट बोलून ठेवावे: वाईट बातमी आधी घरी सांग, रागावणे मागाहून होईल.

आणि इतके करूनही पाऊल चुकले तर? धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले, आणि वय लहान दिसते एवढ्यावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. ते मॅट्रिक झाले १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, आणि १८८४ साली पदवीधर झाले. पुढे १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले, आणि १९५८ साली, शंभरी गाठली असता, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. साताऱ्याहून रिकाम्या हाताने परतणाऱ्या त्या मुलाला यांतले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याला ठाऊक होते ते एवढेच, की पुन्हा परीक्षेस बसावयाचे आहे. कॉलेजला निघालेल्या मुलानेही तेवढे ठाऊक ठेवावे.