मालक स्वतः डिलिव्हरी करायला निघाला, तेव्हा त्याला काय दिसलं?

ऑक्टोबर २०२४. गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये लाल टी-शर्ट घातलेला एक डिलिव्हरी पार्टनर ऑर्डर घ्यायला पोहोचला. मुख्य दारातून आत जायला लागला, तर त्याला दुसऱ्या दाराकडे पाठवलं. तिकडे लिफ्ट नव्हती, जिना होता. तीन मजले चढून गेल्यावर कळलं की डिलिव्हरीवाल्यांना मॉलमध्ये प्रवेशच नाही. ऑर्डर मिळेपर्यंत जिन्यातच थांबायचं.

हा डिलिव्हरी पार्टनर दुसरा तिसरा कोणी नसून झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल होते. मॉलसोबत बोलून डिलिव्हरी करणाऱ्यांसाठी परिस्थिती सुधारायला हवी, असं त्यांनी स्वतःच सोशल मीडियावर लिहिलं.

आता प्रश्न पडतो की कंपनीच्या मालकाला ही गोष्ट आधीच का कळली नाही?

रिपोर्टमध्ये जिना दिसत नाही

मालकाच्या टेबलावर येतात ते आकडे. ‘ऑर्डर उशिरा पोहोचली’ एवढं त्यात कळतं, पण तो वेळ तीन मजले चढण्यात गेला हे कळत नाही. त्यात मालक येणार म्हटलं की दुकान चकाचक होतं, चहा लगेच येतो आणि सगळे हसून बोलतात. रोज येणाऱ्या ग्राहकाच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. कर्मचारीही तक्रार करताना दहा वेळा विचार करतो, कारण प्रश्न नोकरीचा असतो.

‘डेव्ह के.’ची गोष्ट

उबरचे सीईओ दारा खोसरोशाही यांनीही हेच केलं. ‘डेव्ह के.’ या नावाने त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्वतः गाडी चालवली. २०२३ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने ही गोष्ट छापली. ड्रायव्हर म्हणून नाव नोंदवणंच किती किचकट आहे, हे त्यांना तेव्हा कळलं. ट्रिप नाकारली की त्यांचंच ॲप त्यांना शिक्षा करत होतं. मोठी टीप कबूल करून ऑर्डर हातात पडल्यावर ती कमी करणारे ग्राहकही त्यांना भेटले.

ट्रिप स्वीकारण्याआधीच कुठे जायचंय आणि किती पैसे मिळणार, हे ड्रायव्हरला दाखवण्यावर उबरने पुढे भर दिला.

पण नुसतं बघून भागतं का?

नाही. पुण्यात वाढलेले लक्ष्मण नरसिंहन यांनी २०२३ मध्ये स्टारबक्सची सूत्रं हाती घेतली. त्याआधी त्यांनी हिरवा एप्रन बांधून कॉफी बनवण्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. दर महिन्याला अर्धा दिवस स्टोअरमध्ये काम करू, असंही त्यांनी जाहीर केलं. तरीही पुढच्या वर्षी कंपनीची विक्री घसरली. त्यामागे कारणं बरीच होती, पण खूप वेळ थांबावं लागतं म्हणून ॲपवरची ऑर्डर अर्धवट सोडणारे ग्राहक हे त्यातलं एक. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे सीईओ जाहीर झाले.

म्हणजेच काउंटरमागे उभं राहिल्यावर अडचण दिसते, पण ती वेळेत सोडवणं हे वेगळं काम आहे. शिवाय अर्ध्या दिवसाने मालक घरी जातो, कर्मचारी मात्र उद्या परत त्याच जागी उभा असतो.

छोट्या दुकानदाराला काय करता येईल?

यासाठी मोठी कंपनीच लागते असं नाही. हॉटेल असो, किराणा दुकान असो की क्लास, चार गोष्टी सहज जमतात.

१. ऐन गर्दीच्या वेळी दुसऱ्याच्या मोबाइलवरून आपल्याच दुकानात फोन लावायचा. कोण उचलतं आणि कसं बोलतं, ते ऐकायचं.

२. आपलंच पार्सल घरी मागवून खायचं. भाजी सांडलेली असते का, ते तिथेच कळतं.

३. दिवाळीच्या गर्दीत एक दिवस गल्ला सोडून पॅकिंगला उभं राहायचं.

४. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाला, त्याचा सगळा हिशोब चुकता केल्यावर, निवांत विचारायचं, “इथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?” आता त्याला कशाची भीती नसते, त्यामुळे तो खरं सांगण्याची शक्यता जास्त.

एवढं केल्यावर महिन्याभरात निदान एक तरी गोष्ट बदलली पाहिजे. दिवसभर उभं राहणाऱ्या माणसासाठी एक स्टूल आणलं, तरी त्याला कळतं की मालकाने खरंच पाहिलं होतं.